जीवशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमाची आखणी : विषयांचा क्रम आणि पूर्वज्ञान

कोणत्याही विद्याशाखेचा पदवी-अभ्यासक्रम ठरवावयाचा झाला म्हणजे प्रथम विचार होतो तो कोणते विषय शिकवावेत याचा. ते कोणत्या क्रमाने शिकवावेत, हा प्रश्न सहसा मागे पडतो; आणि पुष्कळदा त्याचे उत्तर शिक्षकांची उपलब्धता, प्रयोगशाळेतील मोकळे तास व परीक्षांचे वेळापत्रक यांच्यावर सोपविले जाते. काही विषयांत एवढ्याने फारसे बिघडत नाही. जीवशास्त्राची गोष्ट मात्र निराळी आहे. या शास्त्राचा पाया बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या हद्दीत नाही. रेणूंचे ज्ञान ते रसायनाकडून घेते, ऊर्जेचे नियम पदार्थविज्ञानाकडून घेते आणि निष्कर्ष पारखण्याची रीत संख्याशास्त्राकडून घेते. हे साहाय्य योग्य वेळी मिळाले नाही, तर वरची इमारत केवळ पाठांतराच्या आधारावर उभी राहते. परीक्षेत ती टिकते. संशोधनाच्या पहिल्या धक्क्याला ती टिकत नाही.

पदव्युत्तर वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना एंझाइमांच्या क्रियावेगाचे समीकरण पाठ असते. पण त्यातील स्थिरांकाचा अर्थ सांगता येत नाही. हा दोष नेहमीच विद्यार्थ्याच्या बुद्धीचा किंवा शिक्षकाच्या कसबाचा असतो असे नाही. पुष्कळदा तो क्रमाचा दोष असतो. चार वर्षांच्या पदवीची नवी रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अमलात आली आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य तीत पूर्वीपेक्षा अधिक आहे. म्हणूनच क्रमाचा प्रश्नही पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे.

१. क्रमाचा पूर्वेतिहास

जीवशास्त्राच्या महाविद्यालयीन शिक्षणावर दीर्घकाळ ज्या पद्धतीची छाया राहिली, ती नमुना-प्राण्यांच्या व नमुना-वनस्पतींच्या अभ्यासाची पद्धती होय. टी. एच. हक्सली व एच. एन. मार्टिन यांचे प्राथमिक जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांवरील पुस्तक १८७५ साली प्रसिद्ध झाले, आणि निवडक जीव घेऊन त्यांच्या रचनेचा सांगोपांग अभ्यास करण्याची रीत त्यायोगे रूढ झाली. पुढे पार्कर व हॅसवेल यांच्या १८९७ च्या प्राणिशास्त्रावरील ग्रंथाने संघामागून संघ घेण्याची चौकट पक्की केली. अमीबापासून आरंभ करावा, गांडूळ, झुरळ व बेडूक या क्रमाने वर चढावे आणि सस्तन प्राण्यापाशी थांबावे, हा प्रवास हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी केला.

या पद्धतीत मोठा गुण होता. तिला स्वतःचा क्रम होता आणि तो विषयाच्या पोटातून आलेला होता. साध्या रचनेकडून गुंतागुंतीच्या रचनेकडे जाताना विद्यार्थी प्रत्येक पायरीवर मागील पायरीशी तुलना करीत असे. शिवाय पाहणे, रेखाटणे व नावे देणे या तीन गोष्टींचा सराव तिच्यात आपोआप घडे. १९५३ साली डीएनएच्या रचनेचा उलगडा झाल्यानंतर मात्र पेशी, जनुक व रेणू यांचे ज्ञान इतक्या वेगाने वाढले की, जुन्या चौकटीत नवी प्रकरणे जागा मिळेल तेथे बसवावी लागली. विषय वाढले, क्रमाचे जुने सूत्र सुटले आणि त्याच्या जागी दुसरे सूत्र आले नाही.

दुसरे सूत्र शोधण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली ‘बायो २०१०’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, भावी संशोधकांच्या जीवशास्त्राच्या शिक्षणात गणित, पदार्थविज्ञान व रसायन यांना अधिक भक्कम स्थान असावे, असे प्रतिपादन केले. २०११ च्या ‘व्हिजन अँड चेंज’ या अहवालाने प्रकरणांच्या याद्यांऐवजी पाच मूलभूत कल्पना पुढे ठेवल्या : उत्क्रांती, रचना व कार्य, माहितीचे वहन, देवघेव व संचय, द्रव्य व ऊर्जा यांची रूपांतरे, आणि संस्था, म्हणजे परस्परावलंबी घटकांची व्यवस्था. या पाचांपैकी एकही कल्पना एका सत्रात शिकवून संपत नाही. ती आरंभी ओळखीची व्हावी, मधल्या वर्षांत हाताळली जावी आणि अखेरीस स्वतंत्रपणे वापरता यावी, अशीच योजना करावी लागते. यास्तव क्रमाचा प्रश्न टाळता येत नाही.

२. श्रेयांकांचा हिशेब

योजनेचा विचार करण्यापूर्वी हाती किती वेळ आहे ते पाहणे अवश्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. तीन वर्षांच्या १२० पैकी मुख्य विषयाला किमान ६०, दुय्यम विषयाला २४, बहुविद्याशाखीय विषयांना ९, भाषांना ८, कौशल्यविषयांना ९, मूल्यवर्धक विषयांना ६ ते ८ व उन्हाळी कार्यानुभवाला २ ते ४ अशी विभागणी आहे. विद्यापीठांनी आपापल्या परीने या आकड्यांत थोडाफार फेरफार केला आहे; तथापि मूळ प्रमाण तेच आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पदवी जीवशास्त्राची असली तरी तिच्यातील जवळजवळ निम्मे श्रेयांक जीवशास्त्राबाहेरचे आहेत. हा निम्मा भाग पायासाठी वापरावयाचा की केवळ सोयीसाठी, यावर उरलेल्या निम्म्याचे मोल ठरते. विद्यार्थी, आणि कधी कधी विभागही, आपली सर्व चर्चा मुख्य विषयाच्या ६० श्रेयांकांभोवती करतात व दुय्यम विषय जो सोपा जाईल तो घेतात. वस्तुतः खरी निवड तेथेच असते.

दुसरी गोष्ट तासांची. व्याख्यानांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकांचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. उदाहरणादाखल, मुख्य विषयाच्या ६० श्रेयांकांपैकी ४० व्याख्यानांना व २० प्रात्यक्षिकांना दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच ६०० तास येतात. गुणपत्रिकेवर प्रात्यक्षिके एक-तृतीयांश दिसतात. विद्यार्थ्याच्या वेळातून मात्र ती अर्धा हिस्सा घेतात. सबब प्रात्यक्षिकांचा क्रम हा व्याख्यानांच्या क्रमाची शेपटी नव्हे. त्याचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे.

३. एका रोगाचे उदाहरण

विषयांचे परस्परावलंबन किती दाट आहे, हे पाहण्यासाठी सिकल सेल या रक्तविकाराचे उदाहरण घेता येईल. विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुडा भागात हा विकार अपरिचित नाही. त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. जीवशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात या विकाराचा उल्लेख असतो, आणि तो निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो.

या विकाराची उकल कशी झाली ते पाहावे. जेम्स हेरिक या शिकागोच्या वैद्याने १९१० साली एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. ते काम सूक्ष्मदर्शकाचे व नजरेचे होते. १९४९ साली जेम्स नील यांनी विकाराची आनुवंशिकता स्पष्ट केली. त्यासाठी मेंडेलचे नियम व कुटुंबांची मोजदाद हवी होती. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते, असे दाखविले. म्हणजे दोन्हींच्या विद्युत्-भारांत फरक होता. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रम यांनी हा फरक एकाच अमिनो अम्लाचा असल्याचे दाखवून दिले. प्रथिनाच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. तत्पूर्वी, १९५४ साली, अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून असे मांडले होते की, हे जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्या व्यक्तींना हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते; म्हणूनच ते घातक असूनही लोकसंख्येत टिकून राहते.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने विचार करावा. पॉलिंग यांचा प्रयोग समजण्यास अम्ल व अल्कली, पीएच आणि विद्युत्-भार यांचे ज्ञान लागते. इन्ग्रम यांचा निष्कर्ष समजण्यास ग्लुटामिक अम्लाची बाजूची साखळी भारयुक्त असते व व्हॅलीनची पाण्याला टाळणारी असते, हे कार्बनी रसायन लागते. नील यांच्या कामासाठी संभाव्यता लागते. अ‍ॅलिसन यांच्यासाठी लोकसंख्येतील जनुकांचे गणित, नैसर्गिक निवड, डासांचे परिस्थितिविज्ञान व परजीवीचे जीवनचक्र एवढे सारे लागते. रसायन न शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी हे प्रकरण शिकविल्यास तो “सहाव्या स्थानी व्हॅलीन” हे शब्द लक्षात ठेवतो. ते व्हॅलीन तेथे आल्याने ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना का चिकटतात, हे त्याला कळत नाही. माहिती मिळते, कारण मिळत नाही. आणि ज्या शास्त्रात कारण मिळत नाही, त्यात नवा प्रश्न विचारता येत नाही.

४. रसायन आणि गणित यांचे स्थान

वरील उदाहरणावरून रसायनाचे स्थान पहिल्या वर्षी आहे, हे सहज ध्यानात येईल. त्याचे प्रमाण किती असावे, याविषयी मतभेद होऊ शकतो. किमान किती असावे, याविषयी फारसा होऊ नये. द्रावणांची संहती, पीएच व प्रत्यारोधी द्रावणे, रासायनिक बंध, कार्बनी संयुगांचे क्रियाशील गट, समतोल आणि ऊर्जेतील बदल, एवढे तरी जीवरसायनाच्या पहिल्या व्याख्यानापूर्वी झालेले असले पाहिजे. रक्ताचा पीएच सुमारे ७.४ राहतो, या विधानाचा विचार केला तरी पुरे. कार्बोनिक अम्लाचा स्थिरांक ६.१ धरला तर दोन अंकांतील अंतर १.३ येते, आणि १.३ हा २० चा लॉगरिथम असल्यामुळे बायकार्बोनेट व अम्ल यांचे प्रमाण २० ला १ असल्याचे कळते. ज्याला लॉगरिथम परका आहे, त्याला ही साधी ओळही परकी राहते.

गणिताचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष नाजूक आहे. उच्च माध्यमिक परीक्षेत विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला गणित सोडून जीवशास्त्र घेता येते, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने पुष्कळजण तसे करतात. वैद्यकाचा प्रवेश हुकला म्हणजे यांपैकी अनेक विद्यार्थी जीवशास्त्राच्या पदवीकडे वळतात. म्हणजे ज्या वर्गाला संख्याशास्त्राची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्गातील बऱ्याच जणांचा गणिताशी संबंध दहावीनंतर तुटलेला असतो. ही वस्तुस्थिती गृहीत धरूनच आखणी केली पाहिजे. तिच्याकडे डोळेझाक करून अगर तिच्याबद्दल विद्यार्थ्यांना दोष देऊन काही साधणार नाही.

येथे दिलाशाची गोष्ट एवढीच की, आरंभी लागणारे गणित अवघड नाही. मेंडेलने वाटाण्याच्या दाण्यांची मोजणी केली, तेव्हा दुसऱ्या पिढीत ५४७४ दाणे गोल व १८५० सुरकुतलेले, असे एकूण ७३२४ दाणे मिळाले. तीनास एक या प्रमाणाने ५४९३ व १८३१ अपेक्षित होते. दोन्हीकडे अंतर १९ चे आहे. त्याचा वर्ग ३६१ येतो. त्याला अपेक्षित संख्यांनी भागून बेरीज केली की काय-वर्गाची किंमत सुमारे ०.२६ मिळते. पाच टक्क्यांच्या कसोटीची मर्यादा ३.८४ आहे. अर्थात निरीक्षण व सिद्धान्त यांत विरोध नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांपलीकडे या उदाहरणात काही नाही. परंतु निरीक्षणात फरक दिसला म्हणजे तो खराच आहे असे मानू नये, ही शास्त्रीय शिस्त त्यात संपूर्ण सामावलेली आहे.

जी. एच. हार्डी या गणितज्ञाने १९०८ साली लोकसंख्येतील जनुकांविषयी जे टिपण लिहिले, तेही असेच साधे आहे. एखाद्या समूहात सिकल सेलच्या जनुकाचे प्रमाण ०.१ असेल, तर यदृच्छेने विवाह होतात असे धरल्यास १००० जणांत सुमारे १० रुग्ण, १८० वाहक व ८१० निरोगी अपेक्षित असतात. प्रत्यक्ष पाहणीत रुग्ण १० ऐवजी ४ आढळले, तर तेथून प्रश्नांना सुरुवात होते. बालमृत्यू अधिक आहेत काय? पाहणीतून कोणी निसटले काय? विवाह समूहाच्या आतच होतात काय? की हा केवळ योगायोग? गणिताने उत्तर दिले नाही. कोणता प्रश्न विचारावा हे मात्र दाखविले. संख्याशास्त्र हा अखेरच्या वर्षातील एक स्वतंत्र विषय न राहता दुसऱ्या वर्षाच्या आरंभी येऊन पुढील प्रत्येक प्रात्यक्षिकात वापरला गेला पाहिजे, हे यावरून उघड होईल. एका सत्रात शिकलेले व पुढे न वापरलेले संख्याशास्त्र एका वर्षात विसरले जाते.

पुढील परीक्षांचा विचार केला तरी निष्कर्ष हाच निघतो. ‘गेट’ परीक्षेतील जीवविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत रसायनाचा भाग सर्वांना अनिवार्य आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवविज्ञान-अभ्यासक्रमाचा पहिला घटक रेणू व त्यांच्या परस्परक्रिया हा आहे, आणि संख्याशास्त्रीय पद्धतीही त्यात समाविष्ट आहेत. दुय्यम विषय सोपा म्हणून निवडणाऱ्या विद्यार्थ्याला याची जाणीव बहुधा पदवी हाती आल्यावर होते.

५. प्रात्यक्षिके आणि ऋतुमान

तर्काने ठरणाऱ्या क्रमाबरोबर निसर्गाने ठरविलेला आणखी एक क्रम असतो. त्याचा विसर पडल्याने कागदावर उत्तम दिसणारी योजना प्रत्यक्षात निष्फळ होते. महाराष्ट्रात विषम सत्रे पावसाळ्यात येतात व सम सत्रे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात. सह्याद्रीच्या पठारांवरील वर्षायू वनस्पतींचा बहर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत असतो. २०१२ साली जागतिक वारसायादीत पश्चिम घाटाबरोबर समाविष्ट झालेले कास पठार जानेवारीत पाहिले, तर वाळलेल्या गवताखेरीज फारसे काही दिसत नाही. सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण सम सत्रात ठेवणारा विभाग विद्यार्थ्यांना वाळवलेल्या नमुन्यांवरच समाधान मानावयास लावतो. नेचे, शेवाळी व कवके यांचीही गोष्ट हीच आहे. बेडकांचा प्रजननकाळ पावसाळ्याच्या आरंभी येतो, आणि नव्या प्रवेशांची गडबड त्याच दिवसांत असते.

उलटपक्षी, स्थलांतरित पक्ष्यांच्या अभ्यासाला हिवाळाच हवा. उजनी जलाशयाच्या काठचे भिगवण किंवा रामसर स्थळाचा दर्जा मिळालेले नांदूरमध्यमेश्वर येथील सहल डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फलदायी होते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरील प्राण्यांचा अभ्यास पावसाळा ओसरल्यावर, आणि तोही अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या ओहोटीच्या वेळी करावा लागतो. सहलीची तारीख रविवार पाहून ठरविली, तर किनाऱ्यावर पोहोचल्यावर केवळ भरती पाहावयास मिळण्याचा संभव असतो. सहलींच्या तारखा ठरविताना पंचांग व भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी ठेवणे श्रेयस्कर होय.

प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांतही मोठा पालट झाला आहे. प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१४ साली त्यापुढील पाऊल उचलले. विच्छेदनाने मोकळे झालेले तास काही ठिकाणी केवळ तक्ते व प्रतिकृती पाहण्यात जातात. विच्छेदनातून हाताला जे वळण लागे, त्याची जागा मोजमापाच्या प्रयोगांनी घेतली पाहिजे. द्रावणे बनविणे, पिपेटच्या अचूकतेची पारख करणे, यीस्टच्या वाढीचा आलेख काढणे, लाळेतील एंझाइमाचा वेग निरनिराळ्या तापमानांत मोजणे, असे प्रयोग स्वस्त आहेत व पहिल्या वर्षीही शक्य आहेत. त्यांतून मिळालेल्या आकड्यांवरच पुढे संख्याशास्त्र शिकविता येते. स्वतः मोजलेल्या आकड्यांचे प्रमाण-विचलन काढताना विद्यार्थ्याला जो अर्थ कळतो, तो पुस्तकातील उदाहरणावरून कळत नाही.

६. अखेरीकडून आरंभाकडे

आखणीची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे अखेरच्या टप्प्यापासून मागे येणे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळवावे लागतात व १२ श्रेयांकांचा प्रबंध करावा लागतो. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यास पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र समजले जाते. म्हणजे पूर्वी पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांत जी कमतरता भरून निघे, ती भरून काढण्याची संधी काही विद्यार्थ्यांना यापुढे मिळणारच नाही. पदवीच्या आखणीवरील जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

प्रबंध आठव्या सत्रात व्हावयाचा, तर प्रश्नाची मांडणी, शोधनिबंधांचे वाचन व संशोधनपद्धती ही सातव्यात झाली पाहिजेत. त्यासाठी सहाव्यात एक लहानसा प्रकल्प व्हावयास हवा. प्रकल्पासाठी पाचव्यापर्यंत एखादे तंत्र हाती आलेले असावे. आणि तंत्राला अर्थ येण्यासाठी चौथ्यापर्यंत जीवरसायन, आनुवंशिकी व संख्याशास्त्र झालेले असावे. अशा रीतीने मागे येत गेल्यास पुढील क्रम हाती लागतो.

पहिले सत्र : वनस्पती व कवके यांचे वैविध्य, पावसाळी सहलींसह, उत्क्रांतीच्या कल्पनेचा प्राथमिक परिचय, दुय्यम विषयात सामान्य रसायन.

दुसरे सत्र : पेशीविज्ञान व प्राणिवैविध्य, हिवाळी सहल, मोजमापाची प्रात्यक्षिके, कार्बनी रसायन.

तिसरे सत्र : आनुवंशिकी व संख्याशास्त्र, दोन्ही एकाच सत्रात व एकमेकांची उदाहरणे घेऊन.

चौथे सत्र : जीवरसायन व रेणवीय जीवशास्त्र.

पाचवे सत्र : शरीरक्रियाविज्ञान आणि परिस्थितिविज्ञान; दुसरा पावसाळी क्षेत्राभ्यास, या वेळी आकडे गोळा करण्यासाठी.

सहावे सत्र : उत्क्रांतीचा सविस्तर अभ्यास, एक वैकल्पिक विषय, लघुप्रकल्प.

सातवे व आठवे सत्र : प्रगत विषय, संशोधनपद्धती व प्रबंध.

या क्रमात उत्क्रांती दोनदा येते, हे हेतुपूर्वक आहे. पुष्कळ अभ्यासक्रमांत ती शेवटच्या घटकात असते व वेळ संपल्याने घाईत उरकली जाते. आरंभी तिचा परिचय नसेल, तर वैविध्य म्हणजे नावांची यादी होते. आनुवंशिकीनंतर तिचा पुन्हा अभ्यास झाला नाही, तर ती केवळ कथा राहते.

सर्वांना एकच साचा लागू करावा असा याचा अर्थ नाही. अरण्यांच्या किंवा किनाऱ्यांच्या अभ्यासाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला २४ श्रेयांकांचे रसायन आवश्यक नाही. किमान रसायन मुख्य विषयात मिळाले, तर दुय्यम विषय म्हणून संख्याशास्त्र किंवा भूगोल त्याच्या अधिक उपयोगी पडेल. औषधनिर्मितीच्या उद्योगाकडे पाहणाऱ्याला रसायन व सूक्ष्मजीवशास्त्र हवे. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला वैविध्य व क्षेत्रकार्य यांचा भरणा अधिक असावा. निवड भिन्न असेल. पण ती कोणत्या ठिकाणी पोहोचावयाचे हे ठरवून मागे येत केलेली असावी.

७. मध्येच सुटणारे आणि मध्येच येणारे

नव्या रचनेत एक खरी अडचण आहे. ४० श्रेयांकांनंतर, कौशल्यविषयक ४ श्रेयांक अधिक मिळवून, प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे. ८० श्रेयांकांनंतर तशाच अटीवर पदविका मिळते. पहिले वर्ष हा पुढील तीन वर्षांचा पाया आहे आणि काहींच्या बाबतीत तेच संपूर्ण शिक्षणही आहे. बाहेर पडणाऱ्याला तत्काळ उपयोगी पडेल असे कौशल्य हवे. पुढे जाणाऱ्याला रसायन व मोजमाप हवे. या दोन मागण्यांची ओढाताण प्रत्येक विभागाला जाणवते. तिचा मध्यममार्ग कौशल्यविषयांच्या निवडीत आहे. रोपवाटिका, मत्स्यसंवर्धन किंवा रक्तचाचणी-प्रयोगशाळेतील काम शिकविताना द्रावणे, पीएच व नोंदवही यांचे शिक्षण त्यातच देता येते. एकच प्रात्यक्षिक दोघांच्याही कामी येते. मात्र ते तसे योजावे लागते.

दुसरी अडचण स्थानांतराची आहे. २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीमुळे एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. पेढीत श्रेयांकांची संख्या जमा होते. पूर्वज्ञान जमा होतेच असे नाही. चौथ्या सत्रात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या खाती पुरेसे श्रेयांक असूनही त्याने संख्याशास्त्र कधीच घेतलेले नसेल, हे अगदी शक्य आहे. प्रत्येक विषयापुढे त्याला लागणाऱ्या पूर्वज्ञानाची स्पष्ट नोंद असणे, आणि उणीव असणाऱ्यासाठी सत्रारंभी दोन-तीन आठवड्यांचा पूरक वर्ग असणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय. पूर्वज्ञानाची अट ही विद्यार्थ्याला अडविण्यासाठी नसून त्याला सावध करण्यासाठी आहे, हे शिक्षकांनीही ध्यानात ठेवले पाहिजे.

यासाठी विभागाला मोठा खर्च येत नाही. सर्व विषय एका तक्त्यावर मांडून कोणता विषय कोणावर अवलंबून आहे हे बाणांनी दाखवावे. ज्या बाणाचे टोक मागे वळते तेथे क्रम चुकला आहे, असे समजावे. जीवरसायन शिकविणाऱ्याने रसायनाच्या शिक्षकाशी आणि आनुवंशिकी शिकविणाऱ्याने संख्याशास्त्राच्या शिक्षकाशी वर्षातून एकदा बसून उदाहरणे ठरवावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्या सत्राच्या अखेरीस आपली सहा सत्रांची योजना लिहून काढावी व एखाद्या शिक्षकाने ती वाचावी. पदव्युत्तर विद्यार्थी या कामी विशेष उपयोगी पडतील. कोणत्या ठिकाणी पायाखालची वीट निसटली होती, हे त्यांना नुकतेच अनुभवाने कळलेले असते.

सारांश, अभ्यासक्रमातील विषयांची नावे बदलल्याने शिक्षण बदलते असे नाही. तेच विषय योग्य क्रमाने, योग्य ऋतूत व परस्परांची आठवण ठेवून शिकविले, तर सिकल सेलचे प्रकरण वाचणारा विद्यार्थी केवळ व्हॅलीनचे नाव सांगून थांबणार नाही. नंदुरबारच्या एखाद्या गावातील पाहणीचे आकडे पुढे ठेवले असता, अपेक्षेपेक्षा रुग्ण कमी का आढळले, असा प्रश्न तो आपण होऊन विचारील. पदवीच्या चार वर्षांची आखणी यशस्वी झाली की नाही, हे त्या प्रश्नावरून ओळखावे.